आगरदांडा ग्लुटेनमुक्त केल्याबद्दल आभाराचं पत्र

आगरदांडा, ता. मुरुड, जि. रायगड

मा. वेलनेस कोच मॅडम,



पत्रात तुमचं नाव घालत नाही. फुकट जाहिरात करून देण्याइतका माझा हात सैल नाही. शिवाय तुमच्यासारख्या मॅडम हल्ली प्रत्येक तालुक्यात सापडतात. एकीचं नाव घेतलं की बाकीच्या हात झटकून मोकळ्या. तेव्हा वाचताना जिला जिला हे आपल्यालाच लिहिलंय असं वाटेल, तिला तिला ते पोचलं असं समजावं.

आधी आभार मानते. दिघीहून फेरीबोटीत गाडी घालून तुम्ही आमच्या जेट्टीवर उतरलात, बचत गटाच्या बायकांना हॉलमध्ये जमवलंत, पडद्यावर चित्रं दाखवलीत. चेहऱ्यावरचे डाग, काळवंडलेले गाल, डोळ्यांखालची वर्तुळं, या सगळ्यामागे गुन्हेगार एकच, त्याचं नाव ग्लुटेन, असं सांगितलंत. एकवीस दिवस त्याला घराबाहेर काढा, रंग दोन शेड उजळतो! वर्णाच्या छटांचा एक तक्ताही तुमच्याकडे होता, प्रत्येक छटेला क्रमांक घातलेला. आपण कितव्या क्रमांकावर आहोत हे बायका हाताचं मनगट तक्त्याला लावून बघत होत्या. माझ्या शेजारच्या बाईचं मनगट तक्ता संपला तरी जुळेना.

मागच्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, हे ग्लुटेन असतं कशात? तुम्ही म्हणालात, गव्हात. आजी म्हणाल्या, "मंग आमी काय सोराचा?" तुम्हाला तो विनोद वाटला. तुम्ही हसलात आणि पुढचं चित्र लावलंत. मॅडम, तो विनोद नव्हता. त्या दिवशी हॉलमध्ये विचारला गेलेला तो एकमेव शास्त्रीय प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

आमचा मुलूख तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून थोडं सांगते. राजपुरीच्या खाडीच्या या काठावर भात पिकतो आणि भातच खाल्ला जातो. जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं तेव्हापासून याला भाताचं कोठार म्हणतात. सकाळी तांदळाची भाकरी, नाहीतर घावन. दुपारी भात आणि कालवण. रात्री पुन्हा भाकरी, सोबत सुका जवळा किंवा भाजलेला बोंबील. गणपतीतले मोदक तांदळाचे, नागपंचमीच्या पातोळ्या तांदळाच्या, मोहल्ल्यात पाहुण्यांपुढे येतात त्या रोट्याही तांदळाच्याच. वरकस जमिनीत नाचणी. गहू घरात यायचा तो होळीच्या पुरणपोळीला, नाहीतर मुंबईहून कुणी आलं की त्याला चपाती लागते म्हणून. रोजच्या ताटात त्याचा शिरकाव झाला तो रेशनच्या दुकानातून आणि बेकरीतून, तोही अगदी आमच्या डोळ्यांदेखत. माझ्या आजीला चपाती लाटता येत नसे आणि तिला त्याची लाजही नव्हती. ती जन्मभर तुमच्या पथ्यावर जगली. एकवीस दिवस नव्हे, जन्मभर. आणि सरणावर जाईपर्यंत काळी राहिली.

हे मी टिंगल म्हणून लिहीत नाही, पुरावा म्हणून लिहिते. तुमचा सिद्धांत खरा असता तर भात खाऊन जगलेला हा सगळा कोकण किनारा एव्हाना नॉर्वे व्हायला हवा होता. इतक्या माणसांवर, इतक्या पिढ्या चाललेला ग्लुटेनमुक्त आहाराचा प्रयोग तुम्हाला दुसरीकडे कुठं सापडणार? निकाल जेट्टीवर बसलेला आहे. टोपली पुढ्यात घेऊन मांदेली विकतोय.

आणि गोरेपणा विकायला तुम्ही गाव तरी कुठलं निवडलंत! तुमची फेरीबोट ज्या खाडीतून आली तिच्या तोंडाशी जंजिरा उभा आहे. त्याचे धनी सिद्दी, म्हणजे आफ्रिकेतून आलेले हबशी. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून 1948 पर्यंत या पाण्यावर त्यांचा अंमल होता. शिवाजी महाराजांनी त्यांच्यासमोर पद्मदुर्ग उभारला, 1682 मध्ये संभाजी महाराजांनी समुद्रात भराव घालून किल्ल्यापर्यंत वाट करायला घेतली, तरी जंजिरा पडला नाही. त्यांच्या घराण्याचे घुमट इथून जवळच खोकरीला आहेत, तुमची गाडी त्यांच्यावरूनच मुरुडला गेली असणार. तुमच्या तक्त्यात त्या राज्यकर्त्यांच्या वर्णाला क्रमांकच नाही. शेजारच्या बाईचं मनगट का जुळलं नाही, ते आता तुमच्या लक्षात येईल.

आता पाकिटाकडे वळू. व्याख्यान फुकट होतं, पाकीट फुकट नव्हतं. 'ग्लुटेन-फ्री ग्लो आटा', अर्धा किलो, 340 रुपये. पुढच्या बाजूला एक गोरी बाई, तिच्या हातात गव्हाची लोंबी आणि लोंबीवर लाल फुली. मागच्या बाजूचा मजकूर इतका बारीक की चष्मा काढून, पाकीट नाकाला लावून वाचावा लागला. घटक: तांदळाचं पीठ, टॅपिओका स्टार्च, मक्याचा स्टार्च, साखर, मीठ, झँथन गम. पहिला घटक तांदळाचं पीठ! माझ्या सासूबाईंनी चिमूटभर तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, "अगो, यो तं तांदलाचा पीठ हाय!" भाताच्या कोठारात येऊन भाताचंच पीठ विकण्याची ही हिंमत दाद देण्यासारखी आहे. आमच्या गिरणीत दळणाला किती पडतात ते तुम्हाला सांगत नाही. उगाच मनाला लागेल.

मग कुतूहलापोटी मी तुमच्या आट्याची भाकरी करायला घेतली. पाकिटावर लिहिलं होतं, साध्या पाण्यात मळा. मळलं. थापायला गेले तर कडा फाटल्या. इथं तुम्हाला एक गोष्ट शिकवते, फी न घेता. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की त्यातल्या दोन प्रथिनांची मिळून एक ताणली जाणारी जाळी तयार होते. तुमचा तो गुन्हेगार ग्लुटेन म्हणजे ही जाळी. तिच्यामुळे चपाती लाटता येते, पाव फुगतो. तांदळात ती जाळी नाही, म्हणून तांदळाचं पीठ साध्या पाण्यात जुळत नाही. त्यावर इथल्या बायकांनी तोड काढली ती उकडीची. पातेल्यात पाण्याला आधण आलं की मीठ टाकायचं, पीठ सोडायचं, उलथन्याच्या दांड्यानं ढवळून झाकण ठेवायचं. वाफेनं पिठातला स्टार्च फुलून चिकट होतो. मग परातीत काढून, हाताला गार पाणी लावत, चटके सोसत, लोण्यासारखं मऊ होईपर्यंत मळायचं. गोळा थापताना कड फाटली नाही तर उकड साधली. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलटायची, आणि मग ती टम्म फुगते, ग्लुटेनवाचून.

तुमच्या पाकिटात ह्या सगळ्या खटाटोपाऐवजी झँथन गम आहे. तो खाल्ल्यानं सहसा कुणाला काही होत नाही, तेव्हा त्याला नावं ठेवत नाही. पण ज्या जिवाणूकडून तो आंबवून घेतात तो शेतात कोबीची पानं काळी पाडून सडवतो, एवढं तुमच्या पुढच्या व्याख्यानात जरूर सांगा. लोकांना 'नैसर्गिक' गोष्टी आवडतात.

इथवर सगळं हसण्यावारी नेलं असतं. 340 रुपये गेले, शिकवण मिळाली म्हणून सोडून दिलं असतं. पण माझी पुतणी तुमच्या पथ्याच्या गटात गेली.

ती कॉलेजात शिकते, अलिबागला. वय असं की गालावरची एक पुटकुळी म्हणजे जगबुडी. त्यात स्थळं बघायला सुरुवात झालेली, आणि बायोडाटात वर्णाच्या रकान्यात 'निमगोरी' लिहावं की 'सावळी', यावर घरात दोन तट. अशा मुलीला तुमचा तक्ता दिसला. एकवीस दिवसांचं पथ्य तुम्ही पुढं तीन महिन्यांचं केलंत, कारण 'बॉडी डिटॉक्स व्हायला वेळ लागतो'. गहू तर बंदच. मग दूध बंद, डाळी 'जड' म्हणून बंद, मासे 'उष्ण' म्हणून बंद. खाडीतल्या शिवल्या बंद! उरलं काय, तर तुमचा आटा, तुमची ग्लुटेन-फ्री बिस्किटं आणि सकाळी लिंबूपाणी.

पहिल्या काही आठवड्यांत तिचा चेहरा सुधारला, हे मी मान्य करते. पुटकुळ्या कमी झाल्या. तुम्ही ताबडतोब तिचे दोन फोटो शेजारी शेजारी लावून गटात टाकलेत, खाली हृदयांची रांग. पण त्या काळात तिचं काय काय सुटलं त्याचा हिशोब तुम्ही मांडला नाहीत. सुटली ती बेकरीतली खारी, टोस्ट, बटर, स्टँडवरचा वडापाव, रात्री दोन वाजता पाण्यात उकळून खायची ती नूडल्स, आणि थंड पेयाची बाटली. साखर आणि मैदा भसाभस पोटात गेला की रक्तातली साखर चढते, तिच्या मागे इन्सुलिन चढतं, आणि त्या गडबडीत त्वचेखालच्या तेलग्रंथी जास्त तेल सोडतात. साखर-मैदा कमी केला की काहींच्या पुटकुळ्या कमी होतात, यात नवल नाही. त्याचं श्रेय ग्लुटेनला देण्याचं कारण नाही. नाचणीची भाकरी आणि शिवल्यांचं कालवण खाऊनही ती तितकीच सुधारली असती. पण त्याचं पाकीट निघत नाही.

आणि ते दोन फोटो! पहिला मे महिन्यातला, जेट्टीवर, भर दुपारी, घामाघूम. दुसरा श्रावणातला, घरात, तोंडासमोर गोल दिवा लावून. मे महिन्यात उन्हानं रापलेली कातडी पावसाळ्यात आपोआप उतरते. वरचा थर झडून खालून नवा यायला साधारण महिना लागतो आणि सूर्य ढगाआड असतो. श्रावणात अख्खा रायगड किनारा दोन शेड उजळतो, मॅडम. त्याला आम्ही पाऊस म्हणतो. त्यासाठी कुणाच्या गटात नाव नोंदवावं लागत नाही.

मग पुतणी आणखी 'उजळली'. गालावरची लाली गेली, ओठ फिकटले, तळहात पांढुरके दिसायला लागले. जिना चढताना धाप लागायची, केस गळायचे. तिनं तुम्हाला फोटो पाठवला आणि विचारलं, मॅडम, थकवा येतो. तुम्ही उत्तर दिलंत, आणि ते उत्तर मी माझ्या डोळ्यांनी वाचलंय: हा डिटॉक्सचा परिणाम, रंग बघ किती खुललाय, आता थांबू नकोस.

मुरुडच्या डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं आणि बोटानं डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आत लाल दिसायला हवं तिथं कागद. मग नखं बघितली, जीभ बघितली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्या खाली. बाईच्या जातीला बाराच्या वर असावं लागतं. तर तुमच्या दोन शेड ह्या अशा मिळाल्या. मुलीचं रक्त आटलं आणि तुम्ही त्याला ग्लो म्हणालात. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. तुमच्या धंद्याला तोटा नाही. फिकट बायका तयारच आहेत, तुम्ही फक्त त्यांचे फोटो काढायचे.

ज्या शिवल्या तुम्ही 'उष्ण' म्हणून बंद केल्यात, त्यात लोह भरपूर असतं. ओहोटीला खाडीत उतरून चिखलात हात घातला की त्या फुकट मिळतात. तुमच्या स्टार्चमध्ये नावाला लोह नाही.

यानंतर डॉक्टरांनी जे विचारलं ते तुमच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहिते. त्यांनी विचारलं, गहू सोडण्याआधी सिलिअॅकची तपासणी केली होती का? आम्ही गप्प. त्यांच्या विचारण्याचं कारण असं की ग्लुटेन हा खरोखरच काही माणसांचा वैरी असतो. तुमच्या चित्रांत मात्र ती माणसं नव्हती.

सिलिअॅक या आजारात ग्लुटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. आतड्याच्या आतली मखमल झडते, अन्नातलं लोह अंगी लागत नाही, पोरं वाढत नाहीत, पांढरीफटक पडतात. याचा उलगडा केला विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञानं. त्याला आधीपासून गव्हाचा संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, माणसं उपाशी मरत होती, आणि हीच आजारी पोरं मात्र सुधारत होती. पाव परत आला तशी ती पुन्हा ढासळली. 1950 मध्ये त्यानं आपला प्रबंध लिहिला. त्याआधी या पोरांना केळ्यांवर ठेवायचे आणि ती बरी व्हायची, म्हणून लोक केळ्याचे गोडवे गात. पोरं केळ्यामुळे बरी होत नव्हती, पाव सुटल्यामुळे होत होती. कशामुळे काय झालं हे ओळखण्यात अशी गफलत शहाण्यांचीही होते. तुमची गफलत मात्र सोयीची आहे, दर महिन्याला पैसे देणारी.

या आजाराचा एक प्रकार थेट कातडीवर दिसतो. कोपरं, गुडघे, ढुंगण इथं खाजरे, पाणी भरलेले फोड येतात. 1884 मध्ये अमेरिकेतल्या ड्युरिंग या त्वचारोगतज्ज्ञानं त्याचं वर्णन केलं. त्याचं मूळ ग्लुटेनमध्ये आहे हे कळायला पुढं जवळपास ऐंशी वर्षं गेली. हे रुग्ण गहू सोडतात तेव्हा त्यांची कातडी खरोखर बदलते. पण एकवीस दिवसांत नाही. महिने जातात, कधी वर्ष-दोन वर्षं. तोवर खाज आवरायला डॅप्सोन देतात, आपल्याकडे कुष्ठरोगाला देतात तेच. फोड जातात, डाग विरतात. माणूस गोरा होत नाही. सिलिअॅकचं पांढरंफटक पोर पथ्यानं सुधारतं तेव्हा त्याचा रंगही बदलतो, पण तो तुमच्या तक्त्याच्या उलट दिशेनं: लोह अंगी लागतं, रक्त भरतं आणि फिकटपणा जातो.

मग हा आजार आमच्याकडे किती? देशातल्या वेगवेगळ्या भागांतल्या तेवीस हजारांवर प्रौढांची तपासणी करून 2016 मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात उत्तरेत हजारी आठ-नऊ रुग्ण निघाले आणि दक्षिणेत दहा हजारांत जेमतेम एखादा. आजाराला लागणारी जनुकं दोन्हीकडे साधारण सारखीच होती. फरक होता ताटात, तिकडं गहू आणि इकडं भात. आगरदांडा कुठल्या ताटाचं गाव आहे, ते वर लिहिलंच आहे.

तपासणीची गोची अशी की सिलिअॅकची रक्तचाचणी, टीटीजी-आयजीए तिचं नाव, ही गहू खाणाऱ्याचीच करायची असते. गहू सोडून महिने झाले की रक्तातली ती खूण विरते आणि आजार असला तरी चाचणी 'नाही' म्हणते. म्हणजे तुमच्या पथ्यानं पुतणीला बरं तर केलं नाहीच, वर तिला खरंच आजार आहे का हे कळायची वाटही बंद केली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लोहाच्या गोळ्या लिहिल्या आणि त्याखाली लिहिलं, रोज चपाती, सहा ते आठ आठवडे, मग तपासणी. भात खाणाऱ्या घरात औषध म्हणून कणीक मळली जात होती. सासूबाई रोज त्या चपातीकडे काढ्याकडे बघावं तसं बघत.

चाचणीत काही निघालं नाही. सिलिअॅक नव्हताच. गोळ्यांनी आणि शिवल्यांनी पोरीत रक्त भरत गेलं, ओठांना रंग आला, आणि ती पुन्हा पहिल्यासारखी सावळी दिसायला लागली. तुमच्या हिशोबानं दोन शेड खाली. हा फोटो तुम्ही गटात टाकला नाहीत.

गव्हावर आरोप करूच नये असं माझं म्हणणं नाही. आरोप कसा करतात ते आमच्याच जिल्ह्यातल्या एका माणसानं दाखवून दिलंय. 2024 च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड अशा गावांत माणसांचे केस अचानक गळायला लागले, बघता बघता डोक्याचा चकोट व्हायला लागला. कुणी पाण्याला दोष दिला, कुणी शाम्पूला, कुणी बुरशीला. तुम्ही असता तर ग्लुटेन म्हणून मोकळ्या झाला असता आणि दुसऱ्या दिवशी पाकिटं उतरवली असती. पण तिथं गेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर माहीत असलेले, 2022 चे पद्मश्री. त्यांनी रेशनचा गहू गोळा केला, लोकांचं रक्त, लघवी, केस तपासायला पाठवले आणि मग निष्कर्ष मांडला: गव्हात सेलेनियमचं प्रमाण स्थानिक गव्हापेक्षा कितीतरी जास्त आहे. दोष गहू या धान्याचा नव्हता, त्यातल्या ग्लुटेनचा तर नव्हताच. ज्या मातीत ते पीक वाढलं तिथून सेलेनियम आलं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा पुरावा प्रयोगशाळेच्या कागदावर होता. तुमचा गोल दिव्याच्या उजेडात आहे.

तुमचा धंदा नवा नाही, हेही सांगून टाकते. गोरं करण्याचं आमिष आमच्या पिढीनं ट्यूबमध्ये पाहिलं. फेअर अँड लव्हली 1975 ला आली. 2020 ला तिच्या नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. त्याच वर्षी आरोग्य मंत्रालयानं 1954 च्या जादुई उपायांच्या जाहिरातींविरोधी कायद्यात बदलाचा मसुदा काढला आणि ज्या गोष्टींच्या जाहिरातीला बंदी असावी त्या यादीत त्वचा गोरी करणंही घातलं. त्याहून वाईट माल बाजारात आहे: 2023 मध्ये बातमी आली की अकोल्याकडच्या एका घरातल्या बायकांची मूत्रपिंडं बिघडली होती, मुंबईच्या केईएममध्ये शोध घेतल्यावर कारण निघालं गोरं करणाऱ्या क्रीममधला पारा. त्या मानानं तुमचं तांदळाचं पीठ सोज्वळच म्हणायचं. तुम्ही विष विकत नाही. फक्त पोरीला तिचा मासा, तिची डाळ आणि आजीकडून आलेला तिचा रंग नकोसा करून सोडता, तेवढंच.

आणखी एक, तुमच्यामुळे ज्यांना खरा आजार आहे त्यांचं जिणं अवघड झालंय. सिलिअॅकच्या माणसाला किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आतच ग्लुटेन चालतं. पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' छापायला आपल्या अन्न सुरक्षा नियमांची मर्यादाही तीच आहे. बोंबलाला लावलेला रवा त्याला बाधतो, आमटीतला बांधणीचा हिंगही बाधू शकतो, कारण त्यात मैदा असतो. असा माणूस खानावळीत विचारतो, तव्यावर आधी चपाती भाजली होती का? तर मालक हसून म्हणतो, तुम्ही पण डाएटवाले का! हे 'डाएटवाले' तुम्ही पेरलेत. तुमच्या व्याख्यानात हिंगाचा उल्लेखही नव्हता. तुमच्या स्वतःच्या चहासोबत मात्र खारी होती, ती मी पाहिली.

मागणं फार नाही. पुतणीचे दोन्ही फोटो गटातून काढावेत. काढायचे नसतील तर शेजारी तिच्या रक्ताचा रिपोर्ट लावावा, मी पाठवते. तिचे तीन महिन्यांचे पैसे परत करावेत. आणि पुन्हा कधी या काठाला आलात तर मागच्या रांगेतल्या आजींना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं.

बाकी हे पत्र ज्यांच्या हाती पडेल त्यांना एकच विनंती. घरात कुणाला सतत जुलाब, न हटणारा रक्तक्षय, न वाढणारं मूल किंवा कोपरा-गुडघ्यांवर खाजरे फोड असतील तर गहू चालू असतानाच डॉक्टरांकडे जाऊन टीटीजी-आयजीए करून घ्या. पथ्य लागलंच तर ते जन्माचं असतं आणि ते डॉक्टर सांगतील. आणि कुणी तुमची पोर एकाएकी गोरी दिसते म्हणालं तर आधी तिची खालची पापणी ओढून बघा.

आपली,
आगरदांड्याची एक काकू

ता. क. उरलेली चार पाकिटं पोस्टानं परत पाठवली आहेत. पोस्टाचा खर्च तुमच्या खात्यावर लिहिला आहे.